सात शब्द आणि एक हिस्सा

गेल्या हिवाळ्यात मोहल्ल्यातल्या तरुणांनी मला इंडोनेशियाच्या राज्यघटनेवर बोलायला बोलावले. आम्ही कोकणी मुसलमान शाफई आणि तिथले बहुसंख्य मुसलमानही शाफईच. म्हणून तो देश मला कधी परका वाटला नाही.

तिथली हकीकत अशी. 22 जून 1945 रोजी नऊ जणांच्या समितीने घटनेच्या प्रास्ताविकेचा मसुदा केला. त्यात इस्लामच्या अनुयायांवर शरीयत पाळण्याचे बंधन घालणारे सात शब्द होते. 17 ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर झाले. पूर्वेकडच्या बेटांवरील ख्रिस्ती लोकांना हे शब्द मान्य नाहीत, असा निरोप मोहम्मद हत्तांकडे आला. देश फुटण्याची भीती होती. 18 तारखेला सकाळी हत्ता मुस्लिम पुढाऱ्यांशी बोलले आणि ते शब्द गाळले गेले. उरली ती एकमेव परमेश्वरावरची श्रद्धा. 1959 साली ते परत आणण्याचा प्रस्ताव संविधान सभेत पडला. 2002 साली पुन्हा मागणी झाली, तेव्हा नहदतुल उलमा आणि मुहम्मदिया या तिथल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांनीच साथ दिली नाही.

मग तिथून शरीयत गेली का? नाही. 1989 च्या कायद्याने मुसलमानांचे निकाह, तलाक, वारसा हे विषय धार्मिक न्यायालयांकडे दिले. त्यांच्यासाठी 1991 साली एक संहिता तयार झाली. तिचे 183 वे कलम वाचताना माझा हात थांबला. वारसांना आपसात समजुतीने वाटणी करता येईल, पण प्रत्येकाला आपला हिस्सा किती हे कळल्यानंतरच!

अब्बा गेले, तेव्हा अम्मी हयात नव्हती. आम्ही दोन भाऊ आणि आपा. चाळिसाव्यानंतर आम्ही आपाला तालुक्याला नेले आणि हक्कसोड पत्रावर तिची सही घेतली. तिने एका शब्दाने विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. येताना तिला एक साडी घेतली. त्याच वर्षी शरीयत बचावच्या सभेत मी पुढच्या रांगेत बसलो होतो, घोषणाही दिल्या होत्या. कुराणाने ठरवून दिलेला बहिणीचा हिस्सा मी स्वतःच बुडवला आहे, हे तेव्हा मनातही आले नाही.

राज्यघटनेत काय लिहावे यावर आपण रात्र रात्र वाद घालतो. तो वाद फुकाचा आहे असे मी म्हणणार नाही. पण माझ्या घरात शरीयत मोडायला कोणतेही सरकार आले नव्हते.

व्याख्यान झाले, लोकांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी मी आपाकडे गेलो. म्हटले, “आपा, अब्बांच्या मालमत्तेचे पाच हिस्से होतात. दोन माझे, दोन भाईचे, एक तुझा.”

ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तुला हे तेव्हा माहीत होतं?”

“होतं,” मी म्हणालो.

तिने सूप बाजूला ठेवले. “मग चहा घे आणि भाईशी बोल. मी आता सही करायची नाही.”

भाईशी दोनदा बोललो आहे. तो अजून राजी नाही. माझा वाटा मोजून तिच्या नावावर करण्याचे कागद मात्र मी काढायला दिले आहेत.