अहवालातलं पडणं

आयटीवाला माणूस कुठेही गेला तरी पीपीटी त्याच्याच गळ्यात पडते. सोसायटीचा गणपती असो नाहीतर आतेबहिणीचा साखरपुडा. मी ज्या ज्युदो क्लबात आठवड्यातून तीन दिवस आपटून घ्यायला जातो, तिथेही तेच. मार्च २०२५च्या शेवटी वार्षिक कार्यक्रम होता. सर म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? वर्षभराचा अहवाल तूच कर."

केला. जिल्हा स्पर्धेत दोन रौप्य, तीन कांस्य. राज्य स्पर्धेत आमची एक मुलगी उपांत्य फेरीपर्यंत. संपलं! एका स्लाईडवर सगळं बसलं, वर फॉन्टही मोठा करावा लागला.

सरांनी पाहिलं आणि विचारलं, "पडण्याचं कुठंय यात?"

ज्युदो माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात, जेमतेम बारा गाद्यांच्या जागेत हा प्रकार सुरू केला. आजही नवा माणूस आला की आधी दुसऱ्याला पाडायला नाही, स्वतः पडायला शिकवतात. याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ टेकताना हात गादीवर सपकन मारायचा. म्हणजे मार एकाच जागी बसत नाही आणि डोकं आपटत नाही. ऐकायला सोपं आहे हो, पण घाबरलेला माणूस पडताना हात मागे टेकतो आणि मनगट तिथेच जातं. ती सवय मोडायला महिने लागतात.

आमच्याकडे एक काकू आहेत, वय एकसष्ट. नातीला सोडायला यायच्या आणि दीड तास बाकावर बसून गवार निवडायच्या. एकदा सर म्हणाले, "काकू, नुसत्या बसताय कशाला? या गादीवर." साडीत कसं पडायचं म्हणून त्यांनी पंजाबी ड्रेस शिवून घेतला. सहा महिने फक्त पडल्या, दुसरं काही नाही. मग जुलैच्या पावसात पार्किंगच्या उतारावर शेवाळावरून पाय सटकला आणि सरळ पाठीवर. कोपर खरचटलं, दुधाची पिशवी फुटली. डोकं नाही फुटलं. हनुवटी आपोआप आत गेली म्हणाल्या. सरांच्या मते हे आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं यश. मी मुकाट्याने दुसरी स्लाईड केली.

तिसरी कपिल परमारची. तो काही आमच्या क्लबचा नाही, मध्य प्रदेशातल्या सीहोरचा. पण ५ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने ६० किलो गटात कांस्य जिंकलं, तेव्हा आम्ही सगळे एका मोबाईलभोवती डोकी घालून बसलो होतो. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही धरून ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पदक. दृष्टिहीनांच्या ज्युदोत दोघांनी एकमेकांचे अंगरखे आधीच पकडलेले असतात, मग कुस्ती सुटते. दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांवर ओढण्या बांधल्या. च्यायला, चार वर्षं ज्युदो करून मला समोरच्याचा तोल हाताने कळत नव्हता, तो त्या दिवशी थोडा कळला.

चौथी स्लाईड मला नको होती. दहावीमुळे क्लब सोडलेले चार, त्यातले परत आलेले एक. "असलं कशाला दाखवायचं? पाहुणे काय म्हणतील?" मी म्हटलं. हॉल महापालिकेचा, कराराची मुदत संपत आलेली, आणि पाहुणे माजी नगरसेवक. (तेव्हा पुण्यात सगळेच माजी होते म्हणा.) सर म्हणाले, "राहू दे."

पाहुण्यांनी अपेक्षेप्रमाणे विचारलंच, "गोल्ड किती?"

"शून्य," सर म्हणाले आणि काकूंना पुढे बोलावलं. काकूंनी पन्नास माणसांसमोर मागच्या मागे पडून दाखवलं, सपकन आवाजासकट. हॉलमध्ये ज्या टाळ्या पडल्या, तशा पदकांनाही पडल्या नव्हत्या. पाहुण्यांनी आपल्या आईचे गुडघे वगैरे चौकशी केली. कराराचं बघतो म्हणाले. बघतो म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहेच.

असो. नंतर बटाटेवडे खाताना उपांत्य फेरीवाल्या मुलीची आई सरांजवळ आली. जूनपासून क्लब बंद, हे त्यांनी जानेवारीतच सांगून टाकलं होतं. आता विचारत होत्या, "रविवारी एकच दिवस आली तर चालेल का हो?"

"सकाळी सातला," सर म्हणाले. "क्लास नऊचा असेल ना तिचा?"