रुजू अहवाल

सरकारी नोकरीत रजेवर जाणे सोपे. रजेवरून परत येणे हेच खरे काम. माणूस सकाळी कचेरीत आला, खुर्चीत बसला, पंखा लावला, चहा घेतला, तरी त्याचा रुजू अहवाल आस्थापना शाखेत पोचेपर्यंत तो आलेला नसतो. देहाने तो टेबलाशी असतो, कागदोपत्री अजून गावीच असतो. माझ्या लॅपटॉपचे काही महिने नेमके असेच चालले होते. झाकण मिटले की तो झोपी जाई, उघडले की क्षणात जागा होई. अर्धवट लिहिलेले पत्र, वाचता वाचता सोडलेले पान, सारे जेथल्या तेथे. फक्त वाय-फाय नसे. कोपऱ्यातल्या नेहमीच्या चिन्हाच्या जागी एक छोटासा पृथ्वीगोल येई आणि त्यावर नकाराची खूण. यंत्र जागे होते, पण जगाच्या दफ्तरी रुजू झालेले नव्हते.

पुष्कळदा दहा मिनिटांच्या खटपटीने ते रुजू होई. दहा मिनिटांचा उशीर ही काही तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हे. एखादे टिपण दहा मिनिटे उशिरा गेल्याने केंद्र सरकार कोसळत नाही, एवढे मी बारा वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो. परंतु ही दहा मिनिटे रोज रात्री नऊ वाजता येत, आणि त्याच वेळी मिरजेत माझी आई दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यासमोर चष्मा पुसून बसलेली असे. साडेनऊला ती गोळी घेऊन झोपते. तीस मिनिटांतली दहा गेली म्हणजे तिसरा हिस्सा गेला.

आईला ऐकू येत नाही. गेल्या काही वर्षांत हळूहळू येईनासे झाले. कर्णयंत्राने आवाज मोठा होतो, पण स्पष्ट होत नाही. म्हणून ते तिने डब्यात ठेवून दिले आणि कोणी न शिकवता ती ओठ वाचू लागली. ही विद्या आपण समजतो त्याहून कठीण आहे. प, ब आणि म ही अक्षरे ओठांवर अगदी सारखी दिसतात. आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता, ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ म्हणून पाहावे; आपले आपल्यालाच ओळखता येणार नाही. क आणि ग तर घशातल्या घशात होतात, ओठांना त्यांची वार्ताही नसते. तेव्हा जे दिसेल ते पाहायचे आणि उरलेले मागच्यापुढच्या संदर्भाने भरून काढायचे, असा हा व्यवहार. चित्र मध्येच अडकले की संदर्भाचा धागाच तुटतो. ऐकणाऱ्याला चित्र थांबले तरी आवाज पुरतो. तिला चित्र थांबले की मी गप्प झालेलो असतो.

दोन वर्षांपूर्वी तिला मी बेंगळुरूस आणले होते. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मोठ्या हौसेने ती आली. भाजीवाली, शेजारीण, देवळातले पुजारी, साऱ्यांचे ओठ हलत. पण ते कानडीत हलत. मिरजेच्या माणसाला कानडी अगदी परकी नसते. तथापि कानांना ओळखीची असलेली भाषा डोळ्यांना ओळखीची असतेच असे नाही. तीन आठवड्यांनी ती म्हणाली, “अरे, इथे मी दोनदा बहिरी झाले.” यावर मला काही बोलता आले नाही. ती परत दादा-वहिनींकडे गेली, आणि रात्री नऊची ही वेळ ठरली.

मग फोनवरून का बोलत नाही, असे कोणी विचारील. बोलून पाहिले. फोन हातात धरला की हलतो; टेकवून ठेवला की तो खालून वर पाहतो आणि आईला माझी हनुवटी तेवढी दिसते. शिवाय सरकारी घर तळमजल्यावरचे, भिंती जुन्या पद्धतीच्या जाड. मोबाइल कंपनीची रेघ आत येईपर्यंत थकून जाते. लॅपटॉप मेजावर स्थिर, समोर दिवा, चेहरा पडदाभर: असे असले म्हणजेच तिला माझे वाक्य शेवटपर्यंत वाचता येते.

दोष कोणाचा याविषयी घरात मतभेद होते. पत्नीचा संशय राउटरवर. वरच्या मजल्यावरचे अभियंता स्नेही म्हणाले, गर्दी. गर्दी आहे हे खरेच. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या रेडिओचे परवाना-पुस्तक अजून आहे. नुसते ऐकण्यासाठीसुद्धा टपाल कचेरीत शुल्क भरावे लागे, असा बिनतारी लहरींचा त्या काळी दरारा होता. २००५ साली सरकारने नियम काढून २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातली अल्पशक्तीची उपकरणे परवान्यातून मुक्त केली, आणि आज आमच्या एका इमारतीतूनच पंधरा-वीस राउटरांची नावे पडद्यावर दिसतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या मोजून तीन. शेजारची मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात कुरकुरते. मात्र गर्दी सर्वकाळ असते. ती झोपेतून उठण्याचीच वेळ गाठून येत नाही. राउटरची गोष्ट त्याहून लवकर निकालात निघाली: लॅपटॉप हातपाय झाडत असतानाच त्याच राउटरवर पत्नीचा फोन सुरळीत चालत होता. एस. पी. रोडवरच्या एका दुकानदाराने लॅपटॉप उघडूनही न पाहता नवे कार्ड बसवण्याचा सल्ला दिला. बाराशे रुपयांची गोष्ट. पण चौकशीपूर्वीच शिक्षा सुनावण्याची रीत मला आवडत नाही.

चौकशीचा पहिला प्रश्न साधा होता. वाय-फाय बंद असते तेव्हा आसपासच्या नावांची यादी दिसते काय? नावे दिसत असतील आणि ‘जोडले, पण इंटरनेट नाही’ असे येत असेल, तर घोटाळा पत्त्याचा. राउटर प्रत्येक यंत्राला ठराविक मुदतीसाठी एक पत्ता देतो. तंत्रज्ञ त्याला भाडेपट्टाच म्हणतात, आणि सरकारी निवासात राहणाऱ्याला त्यातले दुःख वेगळे समजवावे लागत नाही. माझ्याकडे यादीच कोरी असे. वीस शेजाऱ्यांपैकी एकही दिसेना, म्हणजे डोळाच मिटलेला होता. कार्ड जागे झालेले नव्हते.

झोप म्हणजे काय, हे मी तेव्हा प्रथमच नीट वाचले. माझ्यासारख्या थोड्या जुन्या लॅपटॉपात झोपेच्या वेळी स्मृतीला तेवढा विजेचा घास मिळतो. प्रोसेसर, पडदा, कार्ड सारे उपाशी. (नव्या यंत्रांची झोप सावध असते, ती अर्धवट जागीच राहतात, त्यांचे विकार निराळे.) उठल्यावर कार्डाला पहिल्यापासून आरंभ करावा लागतो: राउटर शोधणे, किल्ल्यांची देवघेव करून ओळख पटवणे, पत्ता मागणे. हे सारे त्याच्याकडून करवून घेणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. त्यातच विंडोजला काटकसरीची खोड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’ नावाचे एक पान असते. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला आहे, अशा अर्थाचे एक वाक्य तेथे असते आणि त्यापुढे बरोबरची खूण. ती खूण मी काढली. पॉवर प्लॅनमध्ये कार्डासाठी काटकसरीऐवजी पूर्ण शक्ती निवडली. आठवडाभर सुख लागले; मग पुन्हा तीन दिवसांत दोनदा तोच प्रकार.

एक गोष्ट मात्र लक्षात राहिली होती. लॅपटॉप ‘शटडाउन’ करून पुन्हा लावला तरी वाय-फाय कधी कधी येत नसे; ‘रीस्टार्ट’ केला की हमखास येई. दोन्ही एकच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती चालू असली म्हणजे शटडाउनच्या वेळी यंत्र आपल्या गाभ्याची स्थिती चकतीवर लिहून ठेवते आणि पुढल्या वेळी तीच उचलून कामाला लागते. रोगासकट. रीस्टार्ट मात्र कोऱ्या पानावरून. म्हणजे दोष कार्डाच्या देहात नसून त्या लिहून ठेवलेल्या स्थितीत, अर्थात बहुधा ड्रायव्हरमध्ये होता. एस. पी. रोडवरचे बाराशे रुपये येथे वाचले.

पुरावा हवा होता, तो संगणकानेच दिला. व्यवस्थापकाच्या अधिकाराने एक आज्ञा दिली की विंडोज गेल्या तीन दिवसांतल्या वाय-फायच्या हालचालींचा तपशीलवार अहवाल तयार करते: केव्हा जोडले, केव्हा तुटले, केव्हा झोप, केव्हा जाग, कारणांसह. इतके स्वच्छ टिपण मी आमच्या शाखेतही क्वचित पाहिले आहे. प्रत्येक तक्रारीच्या वेळी जाग आल्याची नोंद होती, आणि तिच्या पाठोपाठ ड्रायव्हरने कार्ड उठवण्यात हार खाल्ल्याची. ड्रायव्हरची तारीख पाहिली. काही महिन्यांपूर्वी अद्ययावत करण्याच्या ओघात तो आपोआप नवा होऊन बसला होता. दुखणे त्याच सुमारास सुरू झालेले. ‘रोल बॅक’चे बटण दाबून जुना ड्रायव्हर परत आणला आणि त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली, कारण नवा पुन्हा न विचारता येणार नाही याची हमी कोण देणार? नव्या अधिकाऱ्यापेक्षा जुना बरा, असे मी एरवी म्हणत नाही. पण या जुन्याला हे कार्ड ओळखीचे आहे.

याला आता सात आठवडे झाले. दर तीन दिवसांनी अहवाल काढून पाहतो. जाग आल्यापासून जोडणीपर्यंत चार-पाच सेकंद. मध्यंतरी बोलता बोलता दारावर पहारेकरी आला. त्याच्याशी पाण्याच्या टँकरविषयी कानडीत बोलून परत वळलो तो आई पडद्यातून रोखून पाहत होती. “काय म्हणालास त्याला? मला एक अक्षर लागले नाही.” मी सांगितले. ती म्हणाली, “परत म्हण.” मी कानडी वाक्य सावकाश पुन्हा म्हटले, तिने ते ओठांवर घोळवून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ‘नीरु’ हा शब्द मला आवाज न काढता म्हणून दाखवला. पुढच्या उन्हाळ्यात यायचे म्हणते आहे.

आता चित्र स्थिर झाल्यामुळे तिची तक्रार माझ्या मिशीवर आली आहे. वरचा ओठ झाकला जातो म्हणते. विषय विचाराधीन आहे.