आमच्या वहीचे तीन रकाने

माणसाची जिभेची आवड त्याच्या घरच्या चुलीजवळ घडते, आणि कानाची आवड त्याच्या घरच्या अंगणात. पुढे मनुष्य चार गावे हिंडतो, चार प्रकारची गाणी ऐकतो, त्यांपैकी काही त्याला रुचतात, काही रुचत नाहीत. परंतु ज्या मापाने तो ती मोजतो ते माप बहुधा अंगणातच मिळालेले असते. म्हणून 'आम्हांला अमुक गाणे आवडते' एवढेच सांगून कोणी थांबला, तर त्याने अर्धेच सांगितले असे आम्ही समजतो. ते का आवडते, कोणी आवडावयास लावले, हे सांगितल्यावाचून आवडीची हकीकत पुरी होत नाही. आज आम्ही आमच्या कानाची हकीकत वाचकांस सांगणार आहो.

आमचे गाव लांजी. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिणेकडील हे तहसिलीचे ठिकाण. येथे जुना किल्ला आहे, लंजकाई देवीचे स्थान आहे, आणि महाशिवरात्रीस ज्याच्या दर्शनास आसपासची खेडी लोटतात ते कोटेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. परंतु लांजीचे खरे वैशिष्ट्य डोळ्यांनी पाहण्याचे नसून कानांनी ऐकण्याचे आहे. बाजारात हिंदी ऐकू येते, शेताच्या बांधावर पोवारी, बाजाराच्या दिवशी डोंगराकडून आलेल्या मंडळींच्या तोंडी गोंडी, आणि आमच्यासारख्या कित्येक घरांत मराठी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नकाशावर रेघ पडली. पण रेघ जमिनीवर पडते, वाऱ्यावर पडत नाही. वाघ नदीच्या पलीकडे म्हटलेली ओवी अलीकडे ऐकू येतच राहिली.

अशा गावात आमचा कान घडला. आजी पहाटे जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. जाते केव्हाच कोपऱ्यात जाऊन बसले, पण ओव्या तिच्या ओठांवर राहिल्या. दिवाळी सरली की आमच्या मुलखात मंडईचे दिवस येतात. त्या दिवसांत दंडार आणि खडी गंमत पाहावयास आम्ही घोंगडे घेऊन जात असू आणि तेथेच पहाट करीत असू. वडिलांना रेडिओचा मोठा नाद. १९४८ साली सुरू झालेले नागपूर केंद्र आणि १९५७ साली सुरू झालेली विविध भारती, ही दोन नावे ते नातलगांच्या नावांप्रमाणे घेतात. हिंदी चित्रपटगीते आम्हांला त्यांच्याकडून मिळाली, आणि गीतरामायणही त्यांच्याचकडून. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडे प्रसारित झालेली ती ५६ गीते त्यांच्या वडिलांनी ऐकली होती. वडिलांनी ती पुढे ऐकली आणि आम्हांस ऐकविली. आता आमच्या हाती मोबाइल आला आहे व त्यात जगातले कोणतेही गाणे हवे तेव्हा वाजते.

गाणे इतक्या ठिकाणांहून येऊ लागले तेव्हा आम्ही एक वही घातली. प्रत्येक पानावर तीन रकाने आखले: शब्द कोणाचे, चाल कोणाची, गळा कोणाचा. गाणे आवडले की त्या तिघांची नावे शोधून लिहावयाची, असा आमचा नेम. गीतरामायणाच्या पानावर शब्दांच्या रकान्यात ग. दि. माडगूळकर आणि चालीच्या रकान्यात सुधीर फडके ही नावे आहेत. बहुतेक पानांवर तिन्ही रकान्यांत तीन निराळी नावे पडत. त्यावरून आमच्या मनाने असे घेतले की गाणे म्हणजे तिघांनी मिळून बांधलेले घर होय. एकाने विटा रचाव्या, दुसऱ्याने छप्पर घालावे, तिसऱ्याने त्यात दिवा लावावा.

अशात एका मंडईच्या रात्री, शेजारच्या वाड्यात, नदीपलीकडून एक भजनी मंडळ आले. पाच माणसे, एक पेटी, टाळांची जोडी, आणि म्होरक्याच्या हाती खंजिरी. आम्ही दंडारीला निघालो होतो. तो खंजिरीचा पहिला ठेका पडला आणि आम्ही उंबऱ्यावरच उभे राहिलो. भजन देवाचे होते, पण त्यात देवाइतकेच गावही होते. गावातील घाण, गावातील भांडणे, दारूने बसलेली घरे, विहिरीवर एकाला पाणी व दुसऱ्याला मनाई, हे सारे त्या गाण्यात शिरले होते. आणि तरीही ते गाणेच होते, उपदेशाचा कडवट काढा झाले नव्हते. शेवटच्या कडव्यात 'तुकड्या' हे नाव आले. जसे नामदेवांच्या अभंगात 'नामा' येते आणि तुकोबांच्या अभंगात 'तुका' येते, तसेच.

भजन संपल्यावर आम्ही वही पुढे करून बुवांना विचारले, "बुवा, शब्द महाराजांचे, हे कळले. चाल कोणाची लिहू?"

बुवांनी खंजिरी मांडीवर ठेवली आणि हसून म्हटले, "बाबू, शब्द महाराजांचे, खंजिरी बी महाराजांचीच. चाल मात्र जो गाईन त्याची."

त्या रात्री आम्हांला एक नवा कवी-गायक भेटला. नवा म्हणजे आमच्या कानाला नवा. कारण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना जाऊन कित्येक वर्षे झाली आहेत. नाव आम्ही जाणत होतो. नागपूरच्या विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले, हेही ठाऊक होते. परंतु विद्यापीठाच्या दारावरचे नाव निराळे आणि रात्रीच्या काळोखात खंजिरीवर स्वार होऊन आलेले नाव निराळे.

मग आम्ही त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात. नाव माणिक, घर गरिबाचे. शाळा प्राथमिक वर्गांतच सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. 'तुकड्या' हे नाव त्यांनीच दिले. कोवळ्या वयात रामटेक, सालबर्डी अशा अरण्यांत ते भटकले. १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. पुढल्या वर्षी ते सेवाग्राम येथे महात्मा गांधींच्या सहवासात राहिले. १९४२ च्या आंदोलनात त्यांची भजने विदर्भाच्या खेड्यापाड्यांत अशी पेटली की सरकारने त्यांना पकडून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस ते गेले, तेव्हाही खंजिरी त्यांच्यासोबत होती. ४१ अध्यायांची ग्रामगीता त्याच वर्षीची. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे देहावसान झाले. गुरुकुंजात त्यांची समाधी आहे.

या चरित्रात आमचे लक्ष सर्वांत अधिक वेधले ते खंजिरीने. वाचकहो, हे वाद्य एकवार हातात घेऊन पाहा. लाकडाचे एक लहानसे कडे, एका अंगास ताणून बसविलेले कातडे, कडेच्या खाचांत धातूच्या चकत्या. एका हाताने धरावयाचे, दुसऱ्या हाताने वाजवावयाचे. ताल आणि झणकार दोन्ही एकाच वस्तूतून निघतात, आणि तोंड गाण्यास मोकळे राहते. खांद्यावरच्या झोळीत ते मावते. ज्याला आज या गावी व उद्या त्या गावी पायी जावयाचे आहे, त्याला याहून सोयीचे वाद्य कोणते? गाणारा, वाजविणारा आणि रचणारा असे तिघे एकाच देहातून चालत होते. आमच्या वहीतील रकान्यांमधल्या रेघा त्यांच्या पानावर पुसून गेल्या.

दुसरी गोष्ट भाषेची. महाराजांनी मराठीत लिहिले आणि हिंदीतही लिहिले. सीमेवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांस याचे मोल विशेष. घरात एक भाषा व बाजारात दुसरी बोलणारा मनुष्य पुष्कळदा आपणांस अर्धामुर्धा समजतो. पण दोन्ही भाषांत तोच ठेका आणि तीच तळमळ घेऊन गाणारा एक मोठा पुरुष आपल्याच मुलखात होऊन गेला हे कळले, म्हणजे मान आपोआप ताठ होते. ही परंपराही काही कालची नव्हे. संत नामदेव पंढरीहून पंजाबपर्यंत गेले, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात मानाने विराजत आहेत.

गाणे हे साहित्य होय की नव्हे, यावर जगात मोठमोठे वाद झाले आहेत. १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे रवींद्रनाथ स्वतःच्या गीतांना स्वतःच चाली लावीत. २०१६ साली बॉब डिलन या अमेरिकन कवी-गायकास साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा तो वाद पुन्हा रंगला. आमच्या आजीला मात्र हा वाद कळणार नाही. तिने जे साहित्य म्हणून जन्मभर जपले, ते सारे गळ्यातूनच तिच्यापर्यंत आले आहे. तिला अक्षरओळख नाही.

आणि येथेच आमच्या हकीकतीतील चिंतेचा भाग येतो. आजीची दृष्टी आता मंदावली आहे. महाराजांची कित्येक भजने तिला तोंडपाठ आहेत, हे आम्हांला त्या मंडईनंतरच कळले. कारण त्यापूर्वी आम्ही तिला ती कधी विचारली नव्हती आणि विचारल्याशिवाय ती गात नसे. तिकडे बुवांच्या मंडळातही पूर्वी अकरा माणसे असत, ती आता पाचावर आली. तरुण मुले कामासाठी नागपूरला, हैदराबादला गेली. "पुस्तक राहीन बाबू," बुवा म्हणाले, "पण पुस्तकाला गळा नसते." शब्द छापून ठेवता येतात, परंतु कोणत्या अक्षरावर थांबावयाचे, कोठे खंजिरी उचलावयाची, कोठे समोरच्या माणसांना पालुपद सोपवावयाचे, हे एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडेच जाते. मधला एक माणूस गळाला, तर पुढचा सारा रस्ता बंद.

म्हणून आम्ही घरात एक काम काढले. आजीने म्हणावे, आमच्या धाकट्या बहिणीने लिहावे, आणि आम्ही मोबाइलवर आवाज साठवून ठेवावा. बहीण लांजीच्या हिंदी शाळेत शिकते. लिपी दोन्ही भाषांची एकच, तेव्हा काम सोपे जाईल असे वाटले. पण पहिल्याच संध्याकाळी 'ळ' आडवा आला. हिंदी शाळेच्या मुलीला 'ळ' कोठून ठाऊक असणार? ती जेथे तेथे 'ल' लिही आणि 'ल' म्हणे. 'बाळ' या शब्दाचे तिने 'बाल' करताच आजी खळखळून हसली व म्हणाली, "अगं, माझ्या बाळाचे तू केस केलेस की!" मग आजीने तिला जवळ घेतले, जीभ टाळूला कशी वळवून लावावी ते आपल्या तोंडात बोट दाखवून शिकविले. सात-आठ संध्याकाळी हा पाठ चालला. व्याकरणाच्या पुस्तकाने जे जमले नसते, ते एका पालुपदाने जमविले. कारण पालुपद पुनःपुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी 'ळ' म्हणावाच लागतो.

आतापर्यंत एकवीस भजने उतरवून झाली आहेत. दर भजनामागे आजीच्या आठवणीही येतात. कोणत्या साली कोणाच्या ओसरीवर ते ऐकले, पाऊस होता की नाही, मागे कोण धरीत होते. त्याही बहीण समासात लिहून ठेवते. आजी व नात यांच्यामध्ये पूर्वी जेवणखाणापुरते बोलणे होत असे. आता दिवेलागणीला नात स्वतःहून आजीच्या खाटेशी जाऊन बसते.

या सर्वांमुळे आमची जुनी आवड मागे पडली काय? मुळीच नाही. गीतरामायण आम्ही आजही तितक्याच भक्तीने ऐकतो. वडिलांची चित्रपटगीतेही रात्री जेवणानंतर चालू असतात. काही गाणी डोळे मिटून ऐकावयाची असतात, तर काही गाणी तोंड उघडून परत द्यावयाची असतात. पहिल्या प्रकारात आम्ही श्रोते होतो, दुसऱ्या प्रकारात भागीदार होतो. रसिकाला दोन्ही हवीत. मोबाइलने पहिला प्रकार घरबसल्या दिला आहे. दुसऱ्यासाठी मात्र अंगणात उतरूनच जावे लागते.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या प्रत्येकाच्या गावी असा कोणी असेल, जो स्वतः रचतो आणि स्वतःच गातो. कोणी शाहीर, कोणी दंडारीचा गायक, कोणी लग्नात गाणी जुळविणारी मावशी. त्यांची नावे छापील पुस्तकात सापडणार नाहीत. सुटीत घरी जाल तेव्हा एक वही न्यावी आणि त्यांच्यापाशी बसावे. विचारल्यावाचून ही माणसे सांगत नाहीत, आणि विचारले तर रात्र पुरत नाही.

बुवांच्या मंडळात या माघ महिन्यापासून सहावा गळा आला आहे. वय वर्षे अकरा. ती अजून मागेच उभी राहते, खंजिरीला हात लावण्याची परवानगी तिला मिळालेली नाही. पण पालुपद आले की बुवा तिच्याकडे वळून पाहतात, आणि तिचा 'ळ' चुकत नाही.