भाडेकरू असावा तर असा!

घरमालकाने ‘जागा खाली करा’ म्हटले की भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळते. आमचे तीनदा पळाले आणि तिन्ही वेळा आम्ही भांडीकुंडी आवरून मुकाट्याने टेम्पो बोलावला. त्या वेळी हॉवर्ड ह्यूजची हकीकत ठाऊक असती तर? तरीही टेम्पोच बोलावला असता म्हणा, पण जरा मान ताठ ठेवून!

लास वेगासच्या वाळवंटात ‘डेझर्ट इन’ नावाचे आलिशान हॉटेल होते. खाली जुगाराचा अड्डा, वर खोल्या. विल्बर क्लार्क नावाच्या गृहस्थाने १९४७ साली ते बांधायला काढले आणि मध्येच त्याचे पैसे संपले. (इथवर कुठल्याही मराठी माणसाच्या बंगल्याची गोष्ट.) मग एके काळी चोरट्या दारूचा धंदा केलेला मो डॅलिट्झ पैसे घेऊन धावला. १९५० साली हॉटेल उघडले. पाटीवर नाव क्लार्कचे, गल्ला डॅलिट्झचा! पुढे सरकार जवळच्याच वाळवंटात अणुबाँबच्या चाचण्या करू लागले, तर इथली गिऱ्हाइके पेले हातात धरून तो ढग बघत बसत.

नोव्हेंबर १९६६ मध्ये अब्जाधीश ह्यूज इथे उतरला. वरचे दोन मजले त्याने अडवले. बरोबरची मंडळी बहुतेक मॉर्मन पंथाची, जुगाराला हात न लावणारी. म्हणजे खानावळीत एकादशीवाले! नव्या वर्षाला बडे जुगारी यायचे होते, तेव्हा मालक म्हणाले, ‘‘खोल्या खाली करा.’’ ह्यूज हलला नाही. १९६७ साली त्याने सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर मोजून हॉटेलच विकत घेतले!

आणि पुढे? १९७० पर्यंत हा मालक पडदे बंद करून एका खोलीत पडून राहिला. २००० साली ते हॉटेल स्टीव्ह विनने घेतले, बंद केले, पुढे सुरुंग लावून पाडले आणि २००५ साली तिथे स्वतःच्या नावाचे हॉटेल उभे केले.

हे सगळे मी सौ.ला रंगवून सांगितले. ती म्हणाली, ‘‘चार वर्षं पडदे बंद? मग घेतलं कशाला? आपल्या भाड्याच्या खोलीत निदान सकाळचं ऊन तरी येतं!’’

एवढ्यात बेल वाजली. दारात घरमालक. मी मान ताठ केली आणि टेम्पोवाल्याचा नंबर शोधू लागलो.