कुंदाद्रीची चढण

तीर्थहळ्ळीहून आगुंबेकडे जाताना गुड्डेकेरी गावाच्या परिसरात भाताची खाचरे आणि सुपारीच्या बागा यांमधून एकाएकी वर उठलेला एक काळा कातळ दिसू लागतो. हाच कुंदाद्री. आचार्य कुंदकुंदांनी येथे तपश्चर्या केली अशी परंपरा आहे आणि त्यांच्या नावावरूनच हा डोंगर ओळखला जातो. माथ्यावर भगवान पार्श्वनाथांची प्राचीन बसदी आहे. तेथपर्यंत जाणारा रस्ता अरुंद असून त्याची चढण इतकी उभी आहे की काही वळणांवर चालकाला समोर रस्त्याऐवजी आभाळच दिसते.

२०२१ च्या कार्तिक अष्टाह्निकेत आम्ही याच रस्त्यावर अर्ध्या वाटेतून परत फिरलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. झाडांच्या सावलीतल्या एका वळणावर रस्त्यावर हिरवट शेवाळ साचले होते. आमची तेरा वर्षांची जुनी गाडी पाच माणसे आणि सामान घेऊन तेथे थांबली ती थांबलीच. पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली, रबराचा वास आला आणि गाडी हातभर मागे सरकली. पत्नीने मुलांना खाली उतरवले. आईचे दोन्ही गुडघे निकामी झालेले. तिला चालत वर नेणे शक्य नव्हते. तिने गाडीतूनच माथ्याच्या दिशेने हात जोडले आणि शांतपणे म्हणाली, "राहू दे. पुढच्या वर्षी देव बोलावील."

तिचे वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर होते. पुढच्या वर्षीचा भरवसा कोणी द्यावा?

सांगलीस परतल्यावर गाडी बदलायची हे ठरले. ती पुष्कळ झिजली होती, हे एक कारण. दुसरे कारण धंद्याचे. आमचा हळदीचा व्यापार. माल पाहण्यासाठी शेतकऱ्यांच्या वस्तीवर जावे लागते आणि पावसानंतर काळ्या मातीचे शेतरस्ते कसे होतात हे आपल्या भागातील वाचकांना सांगायला नको. चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी असावी असे मनात आले ते या दोन्ही कारणांनी.

प्रश्न पैशाचा होता. वडिलांनी हयातीत परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले होते आणि ते घरात आजही पाळले जाते: घरात एकच मोटार, ती कर्ज न काढता घ्यायची, आणि नवी आली की जुनी जायची. त्या वर्षी गाडीसाठी बाजूला काढता येईल अशी रक्कम सहा लाख रुपये होती. धाकट्या भावाचे मत वेगळे. "दादा, हप्त्यावर नवी घेऊ. जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे," असे तो म्हणे. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पण आईने एकाच वाक्यात वाद मिटवला: "दर्शनासाठी कर्ज काढलेले तुझ्या वडिलांना आवडले नसते."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक वयस्क मिस्त्री आहेत. प्रथम त्यांचा सल्ला घेतला. त्यांनी आमची जुनी गाडी पाहिली, खाली वाकून टायरवरून अंगठा फिरवला आणि हसले. "अण्णा, गाडीवर कशाला रुसता? या टायरला नक्षीच उरली नाही." कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. आमची पुढची दोन्ही टायरे त्याच्याही खाली गेली होती. चढणीवर गाडीचा भार मागे जातो, पुढची चाके हलकी होतात, आणि ज्या गाडीत केवळ पुढच्याच चाकांना शक्ती मिळते ती अशा वेळी घसरते. त्यात टायर गुळगुळीत आणि रस्त्यावर शेवाळ. म्हणजे कुंदाद्रीवरून परत फिरण्यात निम्मा दोष माझाच होता. आईच्या दर्शनाच्या आड कातळ आला नव्हता, माझी हयगय आली होती. ही गोष्ट मी आईला त्याच संध्याकाळी सांगितली.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट बजावली. चार चाकांची शक्ती गाडी पुढे नेण्यास मदत करते, थांबवण्यास नाही. उतारावर आणि वळणावर ती गाडी इतर गाड्यांसारखीच घसरते. ज्यांचा प्रवास शहरात आणि महामार्गावर आहे त्यांनी यासाठी जादा पैसे देऊ नयेत; चांगली टायरे घालावीत.

आम्हांला मात्र शेतरस्त्यांसाठी तिची गरज होती, म्हणून शोध चालू ठेवला. स्कॉर्पिओ, सफारी स्टॉर्म यांसारख्या गाड्यांत चार चाकांची सोय असलेले प्रकार मिळतात आणि चिखलात त्या बळकट असतात. पण त्यांची पायरी उंच. आईला चढणे अवघड. शिवाय त्यांतील चार चाकांची जोडणी कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरायची नसते. एक्सयूव्ही ५०० चा सर्व चाकांना शक्ती देणारा प्रकार सात आसनांचा, आम्ही पाच. शेवटी २०१४ साली भारतात आलेल्या रेनॉ डस्टरच्या ऑल व्हील ड्राइव्ह प्रकारावर मन स्थिरावले. एरवी ती पुढच्या चाकांवर चालते. पुढची चाके घसरू लागली की शक्ती आपोआप मागच्या चाकांकडेही जाते, आणि बिकट जागी बटण फिरवून ती जोडणी पक्की करता येते. पहिला गिअर मुद्दाम हळू ठेवलेला, त्यामुळे चढणीवर गाडी मुंगीच्या पावलाने चढते. बीएस-६ नियम २०२० मध्ये लागू झाल्यावर कंपनीने डिझेल डस्टर बंद केली. त्यामुळे सुटे भाग कोठे मिळतील याची चौकशी खरेदीपूर्वीच करणे भाग होते, ती केली.

पहिली गाडी दिल्लीहून आलेली होती. तेथे त्या वेळी दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालवण्यास बंदी असल्याने अनेक गाड्या मुदत जवळ आली की परराज्यांत स्वस्तात विकल्या जात. परंतु ना-हरकत प्रमाणपत्र, नव्याने नोंदणी आणि आपल्या राज्याचा कर हे सारे जोडले की ती स्वस्ताई विरते. ती सोडली.

दुसरी आपल्याच भागातली. रंग आरशासारखा, किंमत अपेक्षेपेक्षा कमी. मिस्त्रींनी बॉनेट उघडलेही नाही. मागच्या आसनाचा सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढला. पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातकट रेघ होती. मग आसनाखालचा गालिचा उचलला, तर रुळांचे बोल्ट गंजलेले आणि कोपऱ्यात बारीक गाळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या महापुरात किती गाड्या बुडाल्या हे आपण पाहिले आहे. त्यांतील काही धुऊन-पुसून बाजारात येतात. विकणारा म्हणाला, "फक्त आतून धुतली आहे." आम्ही जय जिनेंद्र करून निघालो.

हळकुंडाला पॉलिश केले की सगळे सारखेच पिवळे दिसते. मोडून पाहिल्याशिवाय आतला रंग कळत नाही. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा येथेही लागू पडला.

तिसरी गाडी २०१६ ची, एका सेवानिवृत्त गृहस्थांकडची. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती त्यांनी जपून ठेवली होती आणि पावत्यांवरील किलोमीटर चढत्या क्रमाने मीटरशी जुळत होते. चारही टायरे एकाच मापाची आणि सारखी झिजलेली होती. अशा गाडीत हे विशेष महत्त्वाचे, कारण टायरांचा घेर कमीजास्त असला की मागच्या चाकांची जोडणी विनाकारण ताणली जाते. मागच्या डिफरन्शियलभोवती तेलाचा ओल नव्हता. ओल्या चढणीवर नेऊन चारही चाके एकत्र ओढतात हे पाहिले. आरसी बुकावर बँकेचा बोजा नव्हता. आसने कापडी होती; चामड्याचे आसन नको ही आईची अट होती.

गाडीचे पाच लाख दहा हजार. टायमिंग बेल्ट, सर्व तेले आणि बॅटरी यांचे पस्तीस हजार. चार नव्या टायरांचे बत्तीस हजार. विमा आणि नावांतर यांचे तेवीस हजार. बरोबर सहा लाख. भावाने वहीवर हिशेब तपासला आणि प्रथमच हसला. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की ठरवलेली सगळी रक्कम किमतीतच घालवू नये. पहिल्या महिन्याची दुरुस्ती हा किमतीचाच भाग असतो.

राहिली आमची जुनी गाडी. ती घेण्यासाठी एक तरुण शिक्षक आले. भाऊ हळूच म्हणाला, "टायरांचे आणि क्लचचे त्यांनी विचारले तर सांगू." आई आतल्या खोलीतून म्हणाली, "विचारले नाही तरी सांगा." तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत खोटी मापे वापरणे आणि बनावट मालाचा व्यवहार हे दोन्ही येतात. मीटर मागे फिरवणे हे खोटे माप नाही तर काय? दोष झाकून विकणे हा तर त्याचाच शेजारी. आम्ही सर्व सांगितले. पंधरा हजार रुपये कमी आले. ते शिक्षक आजही रस्त्यात भेटले की थांबून नमस्कार करतात.

२०२२ च्या कार्तिकात पुन्हा निघालो. पहाटे सांगली सोडली. बेळगाव, हुबळी, हावेरी करीत शिकारीपुराकडे वळलो. रात्रिभोजनाचा त्याग असल्याने सूर्यास्तापूर्वी हुमचा गाठायचे होते, आणि ते साधले. हुमचा म्हणजे होंबुज, सांतर राजांची प्राचीन राजधानी. पद्मावती मातेचे दर्शन घेऊन मठात भोजन केले. सकाळी पंचकूट बसदी पाहिली. ती १०७७ सालची. चट्टलदेवीच्या नावाशी जोडलेली. पाच गाभाऱ्यांसमोरचा तो मोकळा मंडप आणि बाहेरचा उंच मानस्तंभ यांच्या सान्निध्यात मुलेही आपोआप हळू बोलू लागली.

दुपारी कुंदाद्रीच्या पायथ्याशी आलो. आभाळ भरून आले होते. ते वळण मला ओळखू आले. शेवाळही तसेच होते. मी थांबलो, बटण फिरवले, पहिला गिअर टाकला. आईने णमोकार सुरू केला. गाडी किंचित थरथरली, मागची चाके जोर लावू लागल्याचे जाणवले आणि ती हळूहळू वळण चढून गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आईने जप थांबवला नाही.

वर गाडी ठेवून थोड्या पायऱ्या चढाव्या लागतात. भावाला मी मुद्दाम सोबत बोलावले होते. मुलांना पत्नीसह या वेळी मागून एका नातेवाइकांच्या गाडीने येऊ दिले असते तरी चालले असते, पण मुले ऐकेनात आणि पत्नीने घरी राहून दुकान सांभाळले. दोघा भावांनी हातांची खुर्ची करून आईला वर नेले. कातळातच पाण्याची कुंडे आहेत. त्यांच्या काठी बसदी. पार्श्वनाथांसमोर आई बसली ती बराच वेळ उठली नाही. बाहेर धुके वाऱ्याने सरकत होते आणि मधूनच खालची खाचरे, सुपारीची बने व दूरवर पसरलेले सह्याद्रीचे रान उघडे पडत होते.

परतीच्या उतारावर मिस्त्रींचे बोल आठवले आणि गिअर बदलला नाही. पुढे आगुंबेचा घाट तर वळणांचाच. तोही खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरलो. सोमेश्वर, हेब्री ओलांडून वरंगला पोहोचलो. तेथील केरे बसदी तळ्याच्या मध्यावर आहे. दर्शनास होडीतून जावे लागते. कोणतीही मोटार तेथे उपयोगाची नाही. कारकळला १४३२ साली प्रतिष्ठापित झालेली बाहुबलींची बेचाळीस फुटी मूर्ती पाहताना धाकट्या मुलाने विचारले, "आजी, यांनी सगळे सोडले, मग आपण गाडी का घेतली?"

आई हसली. "सोडायला अजून जमत नाही, म्हणून मोजून घेतली," ती म्हणाली.

गाडी आजही आहे. दर पावसाळ्यापूर्वी मी टायरांची नक्षी स्वतः पाहतो. आई आता प्रवास करीत नाही. पण कार्तिक आला की अजून एकदा कुंदाद्रीची गोष्ट काढते, आणि त्या गोष्टीत वळण, शेवाळ आणि माझी गुळगुळीत टायरे ती कधीच वगळत नाही.