भात्यातला कोणता?

अर्जुनाला पोपटाचा डोळा तेवढा दिसत होता, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या वेळी त्याने भात्यातला कोणता बाण काढला, हे ना द्रोणाचार्यांनी विचारले, ना कुणा कीर्तनकाराने सांगितले. नेम काय तो खरा, बाण सारे सारखेच, अशी आपली जुनी समजूत. ती समजूत घेऊन आमचे दाजी परवा मैदानावर आले होते. खिशात हळदीचे पैसे होते.

आमच्या सातारा जिल्ह्यात धनुष्याचे वेड आता चांगलेच रुजले आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकला जाऊन आला. २०२३ साली साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनहून जगज्जेतेपद घेऊन आली. मग माझ्या भाचीनेही धनुष्य मागितले, यात नवल ते काय? आता ती ७० मीटरवर नेम धरते. तिथले लक्ष्य १२२ सेंटिमीटरचे, आणि दहा गुणांचे वर्तुळ मोठ्या पुरीएवढे. जुने बाण तेवढ्या अंतरावर फाकू लागले, म्हणून नवे घ्यायचे होते.

दाजी म्हणाले, "सर, ऑलिंपिकवाले वापरतात तेच द्या. पैशाचं मी बघतो."

त्या एका डझनाला जवळजवळ एका दुभत्या गाईचे पैसे पडतात. सरांनी मात्र पेटीतून एक बारीक काळी काडी काढून दाजींच्या हातात दिली. "वाकवून बघा."

दाजींनी वाकवली. ती जेमतेम वाकली.

"ही ४८ पौंडांचं धनुष्य ओढणाऱ्याची. तुमच्या पोरीचं धनुष्य ३४ पौंडांचं. हिच्या हातून ही वाकायचीच नाही."

"पण बाण वाकावा कशाला?" दाजींनी विचारले. माझ्याही मनात तेच होते.

बाण वाकतो, वाचकहो! बोटांवरून निसटताना दोरी किंचित बाजूला सरकते, मागून जोराचा धक्का बसतो आणि काडी मधोमध वाकते. मग उलट वाकते, आणि अशी मासळीसारखी सळसळत धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुढे जाते. सरांनी भ्रमणध्वनीवर संथ गतीचे चित्रण दाखवले, तेव्हा दाजी पाच मिनिटे गप्प होते. वाकणे बेताचे झाले, तर बाण मुठीला न घासता सुटतो. काडी फार ताठ असेल, तर उजव्या हाताच्या धनुर्धराचा बाण डावीकडे जातो. फार नरम असेल, तर उजवीकडे. या ताठपणाला 'स्पाइन' म्हणतात आणि तो मोजण्याची रीत मोठी साधी आहे. २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकू, वर काडी आडवी, मध्ये ८८० ग्रॅमचे वजन. काडी अर्धा इंच लवली, तर स्पाइन ५००. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी काडी नरम. आम्हां शिक्षकांना हा हिशेब पचायला जड जातो.

पण एवढ्याने भागत नाही. काडी लांब ठेवली की ती नरम वागते. टोक जड केले तरी नरमच वागते. शिवाय लांब पल्ल्याला वारा असतो. दालनात १८ मीटरवर जाडजूड बाण चालतात, रेषेला चाटून का होईना, गुण मिळवून देतात. उघड्यावर जाड काडीला वारा ढकलतो, तेव्हा तिथे बारीकच हवी. हलका बाण वेगाने जातो, पण वाऱ्याच्या हाती सापडतो. जड बाण वाऱ्याला दाद देत नाही, पण कमी ताकदीच्या धनुष्यातून ७० मीटर गाठायला त्याला इतके वर झेपवावे लागते, की नेमाची खूण खाली खाली येत बाणालाच टेकू पाहते. म्हणून जडपणा हवा तो टोकाशी. सरांनी बाण बोटावर तोलून दाखवला; तोल मध्यापासून बराच पुढे होता.

आणि मुलगी सोळा वर्षांची. हात वाढणार, ताकद वाढणार. माझी आई परकराला आत दुमड घालून ठेवी, तसे सरांनी केले. स्पाइन किंचित ताठ, ७०० च्या घरातला. काडी इंचभर लांब. टोक १२० ग्रेनचे, म्हणजे जेमतेम आठ ग्रॅम. त्या टोकाचे शेपूट खाचा पाडलेले असते. उद्या ताकद वाढली, की एकेक तुकडा मोडून टोक हलके करायचे. काडी कापायची ती अगदी शेवटी, कारण कापलेली परत जोडता येत नाही. हे बाण गाईच्या निम्म्या किमतीतही बसत होते.

मग परीक्षा. तीन बाण पिसांचे, दोन बिनपिसांचे, ३० मीटरवरून. पिसे बाणाची चूक सावरून घेतात. उघडी काडी खरे ते सांगते. १०० ग्रेनचे टोक लावले तेव्हा उघड्या काड्या वीतभर डावीकडे रुतल्या. १२० चे लावले. चार बोटांवर आल्या. सर म्हणाले, "ठीक."

"मामा, पेन द्या," भाची म्हणाली. तिने बाराही बाणांवर १ ते १२ आकडे घातले. आता महिनाभर ती प्रत्येक आकडा कुठे लागला, ते वहीत मांडणार. स्पर्धेत ७२ बाण मारायचे, ते सहा-सहाच्या फेऱ्यांत. बारांतले कोणते सहा न्यायचे, ते ती वही ठरवील. सात नंबरवर तिचा आतापासूनच संशय आहे.