कुणाच्या हातचं पाणी

काही पापांना आवाज असतो. चोरी, मारहाण, दारूपायी मोडलेलं घर; त्यांची वार्ता गल्लीभर होते आणि माणसाला आज ना उद्या खाली मान घालावी लागते. पण काही पापं घरात मानानं नांदतात. आजीनं ती आईला शिकवलेली असतात, आईनं लेकीला. ती नीट पाळली की चार लोक कौतुक करतात. अशा पापासमोर माणूस उभा राहणार कसा? ज्याला सगळं गाव पुण्य म्हणतं, त्याची कबुली कोण देईल?

दर रविवारी उपासनेत आम्ही एका सुरात पापकबुली म्हणतो. शेकडो वर्षांत घासून गुळगुळीत झालेली ती वाक्यं मला प्रिय आहेत. पण सगळ्यांबरोबर म्हटलं की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. मग मला आमच्याच नाशिक जिल्ह्यातली एक बाई आठवते. पश्चात्तापाविषयी मी जे काही शिकलो, त्यातलं बरंच प्रवचनांपेक्षा तिच्या आयुष्याकडून शिकलो.

लक्ष्मीबाई टिळक 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला, गोदावरीकाठी जन्मल्या. 1857 च्या बंडात त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जायची. मीठ आणि साखरसुद्धा. पाण्यात मीठ धुणाऱ्या त्या घराचं चित्र ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात वाचताना आधी हसू येतं आणि मग घशात काहीतरी अडकतं. कारण त्या घरातल्या बायकामुलांनी हे सगळं सोसलं होतं, आणि बाहेरच्या ज्या माणसांच्या स्पर्शाला भिऊन ते चाललं होतं, त्यांनी तर पिढ्यान्‌पिढ्या सोसलं होतं. त्याच 1857 नंतरच्या धामधुमीत उत्तरेतले मोमीन विणकर आग्रा रोडनं खाली उतरले आणि मोसम नदीच्या काठी, आमच्या मालेगावात, माग मांडून बसले. एकाच सालानं नाशिकजवळच्या एका घरात स्पर्शाची धास्ती घातली आणि मालेगावला नवी माणसं दिली. मोसम पुलावरून जाताना हे माझ्या मनात अनेकदा येतं.

लहान वयातच लक्ष्मीबाईंचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक कवी, दिलदार, हातात असेल ते दुसऱ्याला देऊन टाकणारे. आणि तितकेच तापट. घरातून न सांगता निघून जाणं ही त्यांची रीतच होती. बायकोनं आयुष्यभर या वादळाबरोबर संसार केला. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशानं टिळकांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्यांनी आधी विश्वासात घेतलं नव्हतं.

आम्ही ख्रिस्ती माणसं हा प्रसंग सांगताना इथं थोडी घाई करतो. धर्मांतर झालं, प्रकाश दिसला, पुढे चला. मला इथं थांबावंसं वाटतं. एका बाईच्या पायाखालची जमीन त्या दिवशी सरकली. पदरात लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातेवाइकांच्या आधारानं काढलेले दिवस, लोकांच्या नजरा. टिळकांना ख्रिस्त भेटला हे खरं आणि त्या भेटीच्या आनंदात त्यांनी आपल्या माणसाला दुखावलं हेही खरं. विश्वासाच्या वाटेवर पाऊल टाकतानाही हातून अन्याय होतो. तो ‘देवाची योजना’ म्हणून झाकायचा नसतो. तो टिळकांच्या खात्यावरच मांडला पाहिजे, कारण पुढे त्यांच्यात जे घडलं त्याची किंमत तेव्हाच कळते.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याजवळ नगरला आल्या, त्या सोवळ्यासकटच. चूल वेगळी, पाणी वेगळं. ज्या घरात येशूचं नाव घेतलं जायचं, त्याच घरात शिवाशिवीची रेघ कायम होती. आणि टिळकांनी ती पुसली नाही. त्यांनी बायकोला तिच्या रीतीनं राहू दिलं. मला वाटतं, टिळकांचा खरा पालट इथं दिसतो. क्षणात पेटणारा, कुणाची वाट न पाहणारा हा माणूस घरातल्या एका बाईसाठी थांबायला शिकला. राग एका दिवसात गेला नाही; तो पुढेही उफाळायचा आणि लक्ष्मीबाईंनी तो लपवलेला नाही. पण ज्या जागी त्यांनी तिला सगळ्यात जास्त दुखावलं होतं, त्याच जागी ते सबुरीनं वागले. पश्चात्तापाचं एवढं नेमकं रूप मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे. ज्या हातानं मोडलं, त्याच हातानं, त्याच ठिकाणी बांधायला घेणं.

आणि लक्ष्मीबाई? त्यांच्या बाबतीत कुणी आरोप करणारा नव्हता. त्यांचं सोवळं हा त्यांच्या समाजात त्यांचा अलंकार होता. प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला. जातपात देवानं केली की माणसानं? एका रात्री त्या याच विचारात गढून गेल्या. देवानं केली असती, तर जनावरांच्या जातींसारखी ती अंगावर दिसली असती. जन्म, मरण, भूक, रक्त सगळ्यांचं सारखं कसं? उत्तर मिळालं तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं नाही; त्या कुणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी हात बदलले, मग कपाळावर पाणी आलं.

ज्यांनी सोवळं पाळलेलं नाही त्यांना यात काय मोठं, असं वाटेल. पण लहानपणापासून घशाला लागलेली एखादी सवय आठवून पाहा. बुद्धीनं मान्य केलेली गोष्ट घशाखाली उतरायला वर्षं लागतात. शरीर जुन्या धर्माशी इमान राखून असतं. म्हणूनच लक्ष्मीबाईंचा पालट मला टिकाऊ वाटतो. तो आधी पोटात उतरला. पुढे कुणाकुणाची मुलं त्यांच्या घरात वाढली. ज्यांची सावली माहेरी चालली नसती, त्यांच्या ताटात त्यांनी आपल्या हातानं वाढलं. कविता करणारा ठोमरे नावाचा एक हळवा मुलगाही त्या घरात राहिला. त्याला आपण बालकवी म्हणून ओळखतो.

लूकच्या शुभवर्तमानात यरीहोचा जक्कय आहे. जकातदारांचा मुखिया, श्रीमंत, आणि गावाच्या मनातून पार उतरलेला. उंबराच्या झाडावर चढून तो येशूला पाहू लागला. येशूनं खाली उभं राहून त्याला कबुलीजबाब मागितला नाही. मी आज तुझ्या घरी उतरणार, एवढंच सांगितलं. पापी माणसाच्या घरी जेवायला! लोक कुरकुरले, त्या काळच्या सोवळ्याला हे सोसण्यासारखं नव्हतं. आणि मग, कुणी न मागता, जक्कय उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. आधी पंगत, मग हिशेब. ख्रिस्ती विश्वासाचं मर्म मला या क्रमातच सापडतं. हाकलून दिलेला माणूस आपला अपराध पाहू शकत नाही. त्याची सगळी शक्ती स्वतःचा बचाव करण्यात जाते. ज्याला आधी जवळ घेतलं, त्यालाच आपल्या हातांकडे नीट पाहण्याचं बळ येतं. टिळकांनी लक्ष्मीबाईंना तेवढी जागा दिली होती.

आणि हा हिशेब आपल्या मातीलाही परका नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली अशी कथा देहूपासून सगळीकडे सांगतात. टिळक तर आपण तुकोबांच्या वाटेनंच ख्रिस्तापर्यंत आलो असं मानत. देवापुढे डोळे पाणावले आणि कुळाच्या उशाशी कागद तसाच राहिला, तर त्या पाण्याचा काय उपयोग, हे यरीहोच्या जकातदाराला कळलं आणि देहूच्या वाण्यालाही.

आता आमच्याकडे पाहतो. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिक, जुन्नर, मालेगाव अशी ठाणी केली. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनचं काम गावोगाव पसरलं, आणि ख्रिस्ताकडे आले ते बहुतेक महार-मांग वस्त्यांतले लोक. ब्राह्मण धर्मांतरितांची नावं पुस्तकांत राहिली. मंडळ्या मात्र या माणसांनी उभ्या केल्या, टिकवल्या. त्यांच्यामुळेच आज मराठी ख्रिस्ती समाज आहे. तरीही सोयरीक ठरवताना आमच्यातसुद्धा हळू आवाजात विचारलं जातं की मूळचे कोण, कोणत्या गावचे, कोणत्या बाजूचे. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावरून वाहून गेलं आणि हा प्रश्न कोरडाच राहिला. हे आवाज नसलेलं पाप आहे, आणि ते आमचं आहे. त्याची कबुली रविवारच्या सामुदायिक प्रार्थनेत आपोआप होत नाही. ती मुलीचं स्थळ बघताना, ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांसमोर, नाव घेऊन द्यावी लागते.

मालेगावात राहणाऱ्याला तर हे अधिकच टोचायला हवं. मोसम या शहराच्या मधून वाहते आणि दोन्ही काठ एकमेकांना बहुतेक बातम्यांमधूनच ओळखतात. एका काठावर यंत्रमागांची रात्रंदिवस खडखड, दुसऱ्या काठावर आपापल्या गल्ल्या, आपापली भीती. त्या भीतीलाही घराघरांत शहाणपण म्हणूनच मान आहे. ‘तिकडे कशाला जायचं?’ असं मूल वाढवताना सांगितलं जातं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मालेगाव कॅम्पातले आम्ही मूठभर ख्रिस्ती या दोन्हींत न मोडणारे, म्हणून निर्दोष आहोत असं मानायला फार सोपं पडतं. ते खरं नाही. आम्हीही तेच ऐकतो, तेच मुलांना सांगतो.

टिळक 1919 साली गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, आणि साठी ओलांडल्यावर ‘स्मृतिचित्रे’ वाचकांपुढे आलं. त्यात त्या आपल्या सोवळ्यावर, आपल्या हट्टावर, नवऱ्याच्या रागावर मोकळेपणानं हसतात. मला ते हसणं विलक्षण वाटतं. जे पाप अजून आत जिवंत असतं, त्याच्यावर असं हसता येत नाही. त्याचं नाव निघताच माणूस चिडतो किंवा कारणं सांगू लागतो. लक्ष्मीबाई कारणं सांगत नाहीत. बापाला दोष देत नाहीत, नवऱ्याला देव करत नाहीत, स्वतःला संत ठरवत नाहीत. फेब्रुवारी 1936 मध्ये नाशिकलाच त्यांनी देह ठेवला.

येत्या उपवासकाळात तरुण संघानं ‘स्मृतिचित्रे’चं मोठ्यानं वाचन करावं, असं मी आमच्या पाळकसाहेबांना सुचवणार आहे. सोवळ्याची प्रकरणं आधी, बाप्तिस्म्याचं नंतर. ऐकायला मोसमपलीकडच्या दोन-चार घरांना बोलवावं, आणि वाचून झाल्यावर चहा-नाश्ता कुणाकडचा असेल, हे त्यांनाच ठरवू द्यावं.